पहिल्या होंडा सिटीचा हीटर कॉक घरी कसा बदलायचा: एसीत परत गॅस भरायच्या आधी हे वाचा

आपल्या पुण्या-मुंबईकडे गाडीचा हीटर वर्षातून किती वेळा लावतो आपण, डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तर एखाद्या पहाटे, बास. त्यामुळे हीटरचा वॉल्व्ह, ज्याला गॅरेजमध्ये सगळे हीटर कॉक म्हणतात, तो बिघडला तरी हीटरमुळे ते कळत नाही, कळतं ते एसीमुळे, आणि एसी गार करत नाही म्हटलं की जो तो गॅसच्या मागे लागतो.

आमच्या घरी तेच झालं. बाबांनी घेतलेली २००१ ची सिटी, १.५ पेट्रोल, म्हणजे १९९८ साली भारतात आली ती पहिली सिटी, १५ वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून आरसी रिन्यू केली, पाच वर्षांनी परत केली, गाडी अजून ठणठणीत. फक्त दोन उन्हाळे एसी त्रास देत होता. दोनदा गॅस भरून झाला, कंडेन्सर, म्हणजे पुढची एसीची जाळी, धुवून झाला, एकाने कॉम्प्रेसर गेलाय असंही सांगितलं. मग एकदा साताऱ्याला जाताना बाबाच म्हणाले, अरे सकाळी निघताना हवा एकदम गार होती, आता खंबाटकी चढतोय तर कोमट कशी काय. तिथे माझी ट्यूब पेटली. गॅस कमी असता तर हवा पहिल्या मिनिटापासून मंद गार असती. इथे पहिली पाच-सात मिनिटं मस्त गार आणि इंजिनच्या तापमानाचा काटा मधे येऊन बसला की हवा कोमट, म्हणजे गार करणारा भाग व्यवस्थित चाललाय आणि कुठूनतरी इंजिनची उष्णता आत येतेय.

ती कुठून येते ते आधी समजून घ्या, मग पुढचं काम डोक्यात बसतं. डॅशबोर्डच्या पोटात एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात. इंजिन तापलं की साधारण ८० ते ९० डिग्रीचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) एका होजमधून, म्हणजे रबरी पाइपमधून, त्या कोरमध्ये जातं आणि दुसऱ्या होजमधून परत इंजिनकडे येतं. ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलवरून येते आणि मग या कोरच्या शेजारून किंवा आरपार जाते, किती हवा कोरमधून जाऊ द्यायची ते आतली एक झडप ठरवते. आता इंजिनकडून आत जाणाऱ्या होजवर जो वॉल्व्ह आहे तोच आपला हीटर कॉक. टेंपरेचर फुल कोल्डवर केलं की एक केबल तो वॉल्व्ह बंद करते, गरम कूलंट कोरमध्ये जातच नाही. वॉल्व्ह आतून झिजला, किंवा केबल सरकली, की बंद असूनही गरम कूलंट फिरत राहतं, आणि एसीने गार केलेल्या हवेच्या वाटेत पेटती शेगडी ठेवल्यासारखं होतं. पंचवीस वर्षं गरम-गार होत राहिलेलं प्लास्टिक आणि रबर आहे, ते झिजणारच, त्यात कंपनीला बोल लावण्यासारखं काही नाही.

सगळ्याच गाड्यांना हा वॉल्व्ह नसतो बरं का. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये कूलंट कायम कोरमधून फिरत असतं आणि गरम-गार फक्त आतली झडप करते. काही गाड्यांत वॉल्व्ह केबलऐवजी व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालतो. तेव्हा तुमची गाडी वेगळी असेल तर आधी बॉनेट उघडून दोन हीटर होज इंजिनकडून केबिनच्या पत्र्यात कुठे घुसतात ते शोधा, त्यातल्या एकावर वॉल्व्ह दिसला तरच पुढचं तुमच्या कामाचं.

आता खात्री कशी करायची, कारण नुसत्या अंदाजावर एवढं अवघड जागचं काम काढू नये. गाडी चालवून पूर्ण तापवा, टेंपरेचर फुल कोल्डला ठेवा, एसी चालू. पाच-दहा मिनिटांनी बॉनेट उघडा आणि वॉल्व्हच्या अलीकडचा आणि पलीकडचा होज, दोन्हींना सांभाळून हात लावून बघा, चटका बसू शकतो म्हणून आधी बोटाचं टोकच लावा, आणि इंजिन चालू असेल तर बाही, ओढणी, केस पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब ठेवा. इंजिनकडचा होज गरम असणारच. वॉल्व्हच्या पुढचा, कोरकडे जाणारा तुकडा गार किंवा जेमतेम कोमट पाहिजे. तोही तेवढाच चटके देत असेल तर वॉल्व्ह बंद होत नाहीये. त्यानंतर एक अजून पक्की टेस्ट आहे. इंजिन बंद करून थोडं गार होऊ द्या, इंजिनकडून वॉल्व्हला येणारा होज व्हाइस ग्रिपने (दाबून लॉक होणाऱ्या पक्कडीने) दाबून बंद करा, पण पकडीच्या दोन्ही जबड्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा नाहीतर होज कापला जाईल. अशी दाबलेली गाडी दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालवा. एसी एकदम गार व्हायला लागला तर निदान झालं. काहीच फरक पडला नाही तर मात्र वॉल्व्हला हात लावू नका, तुमचा प्रश्न खरंच गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा असेल.

अजून एक, वॉल्व्ह दोषी ठरवायच्या आधी केबल बघा. एकाने टेंपरेचरचा कंट्रोल गारवरून गरमवर न्यायचा आणि दुसऱ्याने टॉर्च मारून वॉल्व्हची दांडी हलते का ते बघायचं. दांडी हलतच नसेल तर केबलची क्लिप निसटलेली असू शकते, मग नवीन पार्ट लागणारच नाही, फक्त केबल ॲडजस्ट करायची, ते खाली सांगतो. दांडी पूर्ण फिरतेय आणि तरी पलीकडचा होज गरम, म्हणजे वॉल्व्ह आतून गेला.

दुसरं लक्षण म्हणजे गळती. वॉल्व्हच्या अंगावर पांढरट किंवा हिरवट मीठ जमल्यासारखं दिसतं, गाडी लावली की इंजिनच्या मागच्या बाजूने थेंब पडतात, रिझर्व्ह टाकीची लेव्हल हळूहळू उतरते. पण पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर गोष्ट वेगळी. ते पाणी बोटावर घ्या, चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर हीटर कोरच फुटलाय आणि काच पण आतून तेलकट धुक्याने भरत असेल, ते काम डॅशबोर्ड उतरवायचं. साधं पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप चोंदलाय किंवा पावसाचं पाणी शिरलंय.

आता बायपासबद्दल, कारण बरेच मेकॅनिक हाच सल्ला देतात, मला पण दिला. ते वॉल्व्ह आणि कोर दोन्ही कूलंटच्या वाटेतून काढून टाकतात आणि इंजिनच्या दोन नळ्या एका होजने जोडून देतात, हीटर कायमचा बंद. एसी गार होतो, खोटं नाही. पार्ट मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस असं चालवलंत तर हरकत नाही. पण कायमचं करू नका असं मी कळकळीने सांगतो, दोन कारणं आहेत. एक, पावसाळ्यात घाटात धुकं आणि आत चार माणसांचा श्वास, काच क्षणात पांढरी होते, तेव्हा एसी चालू ठेवून टेंपरेचर थोडं गरमकडे नेलं की कोरडी गरम हवा काच झपाट्याने साफ करते, नुसता एसी लावला तर उलट काच गार पडून बाहेरून घाम धरते. दोन, जुनी गाडी बोरघाटात किंवा कसाऱ्याला चढताना तापायला लागली आणि थांबायला जागा नसेल तर एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल, खिडक्या खाली, हा उपाय खरोखर इंजिन वाचवतो कारण हीटर कोर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. बायपास केलेल्या गाडीत ही सोय हातातून जाते.

पार्ट आणताना जुना पार्ट सोबत नेलेला सगळ्यात बरा, पण गाडी बंद ठेवायची नसेल तर निदान मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीला कुणी जाणार असेल तर काश्मिरी गेट, अशा ठिकाणी जुन्या गाड्यांचं सामान निघतं. जुन्या गाडीवरचा उतरवलेला वॉल्व्ह मात्र घेऊ नका, तो पण तेवढ्याच वयाचा असतो आणि हे काम वर्षभरात परत करायची कुणाची इच्छा नसते. नवीन घेताना तीन गोष्टी बघा. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, हीटर होज बहुतेक ५/८ इंची म्हणजे १६ मिमीच्या आसपास असतात, जरा मोठ्या नळीवर होज कसाबसा चढतो पण लहान नळीवर क्लिप कितीही आवळा, गळतच राहतं. दुसरं, दांडी कुठल्या दिशेला ओढली की वॉल्व्ह बंद होतो ते जुन्याशी ताडून बघा. बाजारात दिसायला अगदी सारखे पण उलट चालणारे वॉल्व्ह असतात, ओढल्यावर बंद होणारे आणि ओढल्यावर उघडणारे, चुकीचा बसवला तर गारवर गरम आणि गरमवर गार. तिसरं, दुकानातच दांडी बंद करून एका नळीत पाणी ओता, दुसरीकडून एक थेंब आला तरी परत द्या. नाना पेठेतल्या शेठनी मला स्वतः बाटली आणून दिली टेस्टला, चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

त्याच फेरीत होजचे दोन्ही तुकडे आणि नवीन क्लिपा पण घ्या. मीटरवर मिळणारा साधा पाण्याचा पाइप नको, हीटर होज म्हणूनच मागा, आत धाग्याची जाळी असलेला, आणि जिथे वळण आहे तिथे मूळ आकाराचाच होज मिळतो का बघा कारण सरळ होज वळवला की तिथे दुमडतो आणि प्रवाह अडतो. कूलंट रेडी मिक्स घेतलं तर प्रश्न नाही, कॉन्सन्ट्रेट घेतलं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं. बोअरचं किंवा नळाचं पाणी घालू नका, त्यातले क्षार नेमके हीटर कोरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि वॉल्व्हच्या तोंडाशी बसतात. माझ्या जुन्या वॉल्व्हच्या आत खरवडून निघेल एवढा थर होता, कुणीतरी कधीतरी घाटात थांबून बाटलीतलं पाणी ओतलं असणार.

हत्यारं फार लागत नाहीत. दहाचा आणि बाराचा पाना, दहाची गोटी म्हणजे सॉकेट आणि लांब एक्स्टेंशन, नोज प्लायर आणि साधी पक्कड, दोन्ही लांब दांड्याच्या असतील तर उत्तम, पेचकस, नवीन कटर ब्लेड, डोक्याला लावायची टॉर्च, एक छोटा आरसा, पसरट टब, जुनी फडकी, रबरी हातमोजे. आणि मोकळा दिवस. गॅरेजमध्ये दोन तासांत होत असेल, घरी पहिल्यांदा करताना मला सकाळी आठ ते दुपारी तीन लागले, मधे जेवलो पण. संध्याकाळी गाडी हवीच आहे अशा दिवशी सुरू करू नका, घाईत नेमकं जे तुटू नये ते तुटतं.

गाडी रात्रभर उभी पाहिजे, इंजिन पूर्ण गार. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर येतं, हे सगळ्यांना माहीत असतं तरी दरवर्षी लोक भाजतात. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली. टेंपरेचर फुल हॉटवर आधीच करून ठेवा म्हणजे वॉल्व्ह उघडा राहून कोरमधलं कूलंटही उतरेल. झाकण काढा, खाली टब सरकवा, रेडिएटरच्या तळाचा ड्रेन हाताने सैल करा. तो प्लास्टिकचा आहे, पक्कड लावून जोर केलात तर त्याचे कान तुटतात. सगळं कूलंट उतरवायची सक्ती नाही, दोन्ही होज दाबून ठेवून पण वॉल्व्ह बदलता येतो, पण कूलंट शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर सगळंच काढा. टबमधलं कूलंट लगेच झाका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. सांडलेलं पण भरपूर पाण्याने धुवून काढा, आणि जुनं कूलंट गटारात न ओतता डब्यात भरून जवळच्या गॅरेजला नेऊन द्या.

आता खरा प्रश्न, हात पोचायचा. या सिटीत इंजिन आडवं आहे आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा भाग, मागच्या बाजूला, म्हणजे मॅनिफोल्ड आणि केबिनच्या पत्र्याची भिंत यांच्या मधल्या अरुंद फटीत हा वॉल्व्ह बसलाय, वर वायरिंग, व्हॅक्यूमचे होज, ॲक्सिलरेटरची केबल. वरून बघितलं तर वॉल्व्हचं डोकं तेवढं दिसतं, होजच्या क्लिपा तर दिसत पण नाहीत. आधी एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (जिथून हवा इंजिनात शिरते) जाड रबरी पाइप काढा, त्याने हाताला एकदम मोकळी जागा होते. थ्रॉटल बॉडीचं उघडं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा, तिथे एक स्क्रू जरी आत पडला तर हीटर कॉकचं काम राहील बाजूला आणि इंजिन उघडायला लागेल. वायरिंगचा जुडगा क्लिपमधून सोडवून सुतळीने बाजूला बांधा. जे जे सोडवताय त्याचा फोटो, आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांना रंगीत टेपचे तुकडे, हे न कंटाळता करा. आणि मोबाइल हातात धरून मागे घालून एक व्हिडिओ काढा, डोळ्यांना न दिसणाऱ्या क्लिपांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते त्यात स्वच्छ दिसतं. मी आधी अर्धा तास बोटांनी चाचपत बसलो होतो, व्हिडिओ बघितल्यावर दोन मिनिटांत कळलं की क्लिपचे कान खालच्या बाजूला आहेत.

पहिली केबल सोडवायची. तार वॉल्व्हच्या दांडीच्या खुंटीवर अडकवलेली असते आणि केबलचं बाहेरचं आवरण शेजारच्या छोट्या क्लॅम्पमध्ये दाबलेलं असतं. पेचकसाने क्लॅम्पची जीभ सावकाश उचला, आवरण बाहेर काढा, मग तारेचा डोळा खुंटीवरून उचला. तार वाकवू नका, एकदा वाकलेली तार परत कधी नीट सरकत नाही. वॉल्व्ह ब्रॅकेटला बोल्टने धरलेला असेल तर तो दहाच्या पान्याने काढा, गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

मग होज, आणि इथेच सगळ्यात जास्त सबुरी लागते. मूळच्या क्लिपा स्प्रिंगच्या असतात, पक्कडीने दोन्ही कान दाबून क्लिप होजवर मागे सरकवायची. होज पंचवीस वर्षांत नळीला चिकटून बसलेला असतो, ओढून येत नाही. वॉल्व्हच्या बाजूला काय वाटेल ते करा, तो फेकायचाच आहे, पक्कडीने फोडला तरी चालेल. पण पत्र्याच्या भिंतीतून बाहेर आलेली जी नळी आहे ती हीटर कोरची आहे, तिचा पत्रा पातळ असतो, तिच्यावर होज पिळायचा नाही, पेचकस घालून उचकटायचा नाही, जोर लावून ओढायचा तर अजिबात नाही. ती नळी मुरगळली किंवा आत सांध्याशी तडकली की अख्खा डॅशबोर्ड उतरवून कोर बदलावा लागतो, सकाळचं काम आठवड्यावर जातं. तिथे होजला लांबीच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, ब्लेड हलकं धरा म्हणजे नळीवर ओरखडा उठणार नाही, आणि मग केळ्याची साल काढतो तसा होज सोलून काढा. नवीन होज आणलेत ते यासाठीच. जुना होज वाचवायच्या नादात कोर घालवलेले लोक मी बघितलेत.

वरून काहीच जमत नसेल, हात मोठे असतील तर, गाडी पुढून उचलून खालून प्रयत्न करता येतो, पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावूनच. नाहीतर घरातल्या कुणा बारीक हाताच्या माणसाला बोलवा, आमच्याकडे शेवटची क्लिप माझ्या बहिणीने काढली, तिचा हात मनगटाच्या वर आत गेला जिथे माझी बोटंच अडकत होती.

जुना वॉल्व्ह निघाला की कोरच्या नळीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, जमलेला पांढरा थर नख किंवा लाकडी काडीने काढा, घासकागद जपून आणि अगदी बारीकच. हात तिथे आहेच तर कोर धुवून घ्या, बागेच्या पाइपने कमी दाबाने एका नळीत पाणी सोडायचं, दुसरीतून गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत. दाब जास्त नको, जुना कोर आहे. शेवटी थोडं डिस्टिल्ड वॉटर फिरवा म्हणजे नळाचं पाणी आत राहणार नाही.

नवीन वॉल्व्ह बसवताना एक युक्ती, शक्य तेवढं बाहेरच जोडा. म्हणजे वॉल्व्हवर कोरकडचा होज टेबलावरच चढवून क्लिप लावून घ्या, मग तो सगळा जोड आत नेऊन फक्त कोरच्या नळीवर आणि इंजिनकडच्या होजवर चढवायचा राहतो. वॉल्व्हवर बाण असेल तर बाण इंजिनकडून कोरकडे. होज चढायला कडक वाटत असेल तर आतून थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा, टोक पाच मिनिटं गरम पाण्यात बुडवा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने हे रबर फुगतं आणि काही महिन्यांत होज आपोआप सैल होतो. होज नळीवरच्या उंचवट्याच्या पुढे पूर्ण गेला पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे, टोकावर लटकती नको. स्क्रूवाली क्लिप वापरत असाल तर प्लास्टिकच्या नळीवर ती दातओठ खाऊन आवळू नका, होज किंचित दबलेला दिसला की पुरे, जास्त आवळलं की नळीला केसासारखी चीर जाते आणि ती गाडी तापल्यावरच गळते. क्लिपचं तोंड असं ठेवा की पुढच्या वेळी वरून पेचकस पोचेल, आधीच्याने खाली ठेवलं म्हणून आपल्याला किती त्रास झाला ते आठवा.

केबल जोडणं हे काम सगळ्यात छोटं वाटतं आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, वॉल्व्ह नवा आणि एसी तसाच कोमट. क्रम असा. टेंपरेचर आता फुल कोल्डवर न्या. डॅशच्या खाली बघा, या केबलचं दुसरं टोक झडपेच्या लिंकेजला लागतं, ते जागेवर आहे ना, आवरण त्याच्या क्लिपमध्ये घट्ट आहे ना. मग बॉनेटखाली वॉल्व्हची दांडी बोटाने पूर्ण बंद स्थितीत नेऊन तशीच धरून ठेवा, तारेचा डोळा खुंटीवर अडकवा, आवरण हलकंसं ओढून तारेतला ढिलेपणा काढा आणि मगच आवरण क्लॅम्पमध्ये दाबून बसवा. एक हात दांडीवर राहिलाच पाहिजे, ती जरा उघडली आणि क्लॅम्प दाबला गेला तर वॉल्व्ह कायम थोडा उघडा राहणार. मग आत बसलेल्या माणसाला सांगा, कंट्रोल गार ते गरम चार-पाच वेळा फिरव, आणि दांडी दोन्ही टोकांना पूर्ण पोचते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. केबल जड चालत असेल तर आवरणात सिलिकॉन स्प्रे मारून दहा-बारा वेळा मागेपुढे करा, जड केबलने नव्या वॉल्व्हची दांडी मोडते.

बाकीचं जे उघडलंय ते फोटो बघून परत लावा, थ्रॉटलच्या तोंडातलं फडकं काढायला विसरू नका, ड्रेन बंद करा, बॅटरी जोडा.

कूलंट भरताना हवा काढणं महत्त्वाचं. टेंपरेचर परत फुल हॉट. वरचा रेडिएटर होज जिथे इंजिनला लागतो तिथे बाराच्या पान्याचा एक छोटा ब्लीड बोल्ट, म्हणजे हवा काढायचा बोल्ट, असतो, तो सैल करा आणि रेडिएटरमध्ये बारीक धारेने कूलंट ओतत राहा. बोल्टमधून आधी बुडबुडे येतील, मग नुसती सलग धार येईल, तेव्हा बोल्ट बंद करा, हलकाच, साधारण १० न्यूटन मीटर, ज्यात तो बसतो ते ॲल्युमिनियम आहे आणि आटे गेले की नवीनच डोकेदुखी. गाडीचं नाक थोडं वर असेल, चढावर उभी केली असेल, तर हवा लवकर निघते. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, झाकण नुसतं सैल ठेवून इंजिन सुरू करा, आयडलवर राहू द्या, रेडिएटरचा फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत. मधे लेव्हल खाली जाईल, पण तेव्हा गाडी तापलेली असते म्हणून झाकण आणि तोंड यांच्यापासून लांबच राहा. इंजिन बंद करून गार झाल्यावर वरपर्यंत भरा, झाकण पक्कं लावा, रिझर्व्ह टाकी मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा.

हीटर फुल ठेवून हवा चांगली गरम येते का बघा. काटा वर जातोय पण हीटर गार हवा फेकतोय, किंवा डॅशच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येतोय, तर अजून हवा अडकलीये, गार होऊ द्या आणि ब्लीडिंग परत करा. काट्यावर नजर ठेवूनच पहिली चक्कर मारा, घरापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत, घाटात लगेच जाऊ नका.

मग सुरुवातीची टेस्ट उलट करा. गाडी पूर्ण तापलेली, टेंपरेचर फुल कोल्ड, एसी चालू, वॉल्व्हच्या पुढच्या होजला हात लावा. आमच्याकडे तो गार लागला तेव्हा बाबा पण स्वतः येऊन हात लावून गेले. त्या संध्याकाळी कात्रजपर्यंत जाऊन आलो आणि पहिल्यांदा ब्लोअर तीनवरून एकवर आणायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर टाकीची लेव्हल बघा, थोडी उतरलेली असते, ते भरा. आठवडाभर रोज सकाळी गाडीखाली जमिनीकडे नजर टाका आणि टॉर्च मारून नव्या क्लिपांपाशी ओल आहे का बघा, स्क्रूवाल्या क्लिपा पहिल्या दोन-तीनदा गाडी तापून गार झाल्यावर पाव वळसा घ्यायला लागतात. आणि उन्हाळा असला तरी महिन्यातून एकदा इंजिन तापलेलं असताना टेंपरेचर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन दोन-तीन मिनिटं हीटर चालू द्या, खिडक्या उघड्या ठेवून, म्हणजे वॉल्व्ह आणि केबल एकाच जागी धरून बसत नाहीत.